आजी थांबली तेव्हा

रूळ टाकून झाले की ते आधी चपला काढायचे. चपला जोडून बाजूला ठेवायच्या, खाकी पँट दोन घड्या वर घ्यायची आणि उजवा तळपाय रुळावर ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. मग त्या तीन बोटं रुंद रुळावरून सरळ टोकापर्यंत चालत जायचे. परत येताना मधेच कुठेतरी थांबून म्हणायचे, “इथं खाली पोकळ हाय. पाचर मार.”

मुंबईहून आलेली युनिटची मंडळी हसायची. त्यांच्याकडे पाणसळ असायची आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध दिसायचा. ती मंडळी बुडबुडा दाखवायची, हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि स्वतःच पाचर मारायचे. शॉट संपला की पाचर काढून रुळावरचा कॅमेरा एकदा तसाच ढकलून दाखवायचे. बरोबर त्याच जागी कॅमेऱ्याला हिसका बसायचा. दुसऱ्या दिवसापासून पाणसळ पेटीतच राहायची.

शूटिंगशी ज्यांचं घेणं-देणं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पडद्यावर कुणी चालत असतं आणि आपणही त्याच्या शेजारून चालतोय असं वाटतं, तेव्हा कॅमेरा आणि कॅमेरामन चाकांच्या एका फळीवर बसलेले असतात. फळी रुळांवर असते आणि मागून एक माणूस ती ढकलत असतो. या फळीला ट्रॉली म्हणतात. ढकलणाऱ्याचं नाव तुम्ही कधी वाचलेलं नसेल, कारण शेवटी नावं वर सरकायला लागतात तोवर आपण उठून चपला शोधत असतो. आमच्या डहाणू-तलासरीत तो माणूस म्हणजे हे. त्यांना नाव होतं, पण सगळे ‘ट्रॉलीवाले काका’ अशीच हाक मारायचे, म्हणून मीही तेवढंच लिहितो.

काका उधव्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं रेल्वेत गेली आणि तिथेही काम ट्रॉलीचंच. रूळ तपासायला साहेब एका छोट्या ट्रॉलीवर बसून निघतो आणि ती ढकलणारी माणसं अनवाणी, थेट रुळावर पाय टाकत धावतात. तुम्ही गाडीच्या खिडकीतून कधी पाहिलं असेल, नसेल तर आता बघा. निवृत्त होऊन काका गावी आले, भात आणि नाचणी बघू लागले. तेवढ्यात डहाणूच्या किनाऱ्यावर एका जाहिरातीचं शूटिंग आलं आणि त्यांचा ट्रॉली ढकलणारा तापाने फणफणला. कुणीतरी म्हणालं, उधव्याला एक ट्रॉलीवाला आहे, चांगला अनुभवी. बोलावणाऱ्याला वाटलं माणूस सिनेमातला आहे. काकांना वाटलं किनाऱ्यावर नवी लाइन टाकतायत.

पहिल्या दिवशी ते बगलेत लाल झेंडी घेऊन आले होते. रूळ पाहिले, मान हलवली आणि रुळांच्या टोकापासून वीस पावलांवर वाळूत ती झेंडी रोवून परत आले. कॅमेरा लागला, नायिका चालू लागली आणि तिच्या मागे फडफडणारी लाल झेंडी. दिग्दर्शकाने आकाशपाताळ एक केलं. काका म्हणाले, लाइनवर ट्रॉली असताना झेंडी नाय लावली तर साहेब आधी मला घरी पाठवील. मी तेव्हा मसोलीत लग्नाचे व्हिडिओ काढायचो आणि अशा युनिटांत पडेल ते काम करायचो. झेंडी उपटून आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि आमची ओळख झाली ती अशी.

त्यांचं एक वाक्य होतं. ते इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्याच तोंडून निघतं. “ट्रॉली जायला नसते, बघायला असते.” रेल्वेचा साहेब ट्रॉलीवर बसतो तो कुठे पोचायला नाही. पोचायचं असेल तर गाडी आहे. तो बसतो ते रूळ नीट बघायला, म्हणून जिथे बघण्यासारखं असेल तिथे ट्रॉलीने थांबायचं आणि नसेल तिथे पुढे सरकायचं. काकांच्या मते सिनेमाचंही हेच. कॅमेरा हलला तर का हलला ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो आपला जागेवर बरा.

शूटिंगच्या शब्दांशी त्यांनी कधी जुळवून घेतलं नाही. कॅमेरा जागच्या जागी डावीकडून उजवीकडे वळला की ते म्हणायचे मान फिरवली. झूमला त्यांचा विरोध होता. झूम म्हणजे ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या घरात डोकावणं, आणि ट्रॉली म्हणजे उठून त्याच्या घरी जाणं. “बघायचंय ना, मग ऊठ की,” असं ते एका नावाजलेल्या कॅमेरामनला म्हणाले होते. तो बिचारा हसला, पण उठला.

एकदा चिकूच्या वाडीत एका मालिकेचं काम चाललं होतं. बाईला नवरा गेल्याची बातमी कळते आणि ट्रॉली धाडदिशी तिच्या चेहऱ्यावर जाते, असा शॉट होता. काकांनी दोनदा सावकाश नेली. दिग्दर्शक करवादला. काकांनी विचारलं, हिचं कोण गेलं? नवरा, असं उत्तर आलं. तेव्हा काका म्हणाले, “मग धावत कशाला जायचं? मयताच्या घरी कोण धावत जातं?” शेवटी शॉट धावतच घेतला, मालिकेला तेच हवं होतं. पण ती बाई, म्हणजे नटी, दुपारी काकांच्या शेजारी जेवायला येऊन बसली आणि त्यांच्या डब्यातली नाचणीची भाकरी तिने मागून घेतली.

मला त्यांनी ट्रॉली शिकवली तीही त्याच वाडीत. फळीवर एक चिकू ठेवायचा, पिकलेला नाही, टणक, चांगला गोल. आता ढकल. चिकू गडगडला की पुन्हा पहिल्यापासून. निघाली हे कळता कामा नये आणि थांबली हेही कळता कामा नये. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत चिकूच वेचत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तर ते म्हणाले, “तू ट्रॉलीला ढकलतोस. तिच्याबरोबर चाल.” याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं कळला नाही.

आणखी एक तऱ्हा. शॉट झाला की सगळं युनिट मॉनिटरभोवती गोळा होतं, आपापलं काम बघायला. काका कधीच यायचे नाहीत. मी बोलवायचो, तर म्हणायचे, ढकलताना बघितलं की मी. वर्षानुवर्षं ढकललेल्या शॉटांपैकी एकही त्यांनी पडद्यावर पाहिला नव्हता.

मग दिवस बदलले. हातात धरून पळालं तरी कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र आलं, गिंबल म्हणतात त्याला. रूळ नको, पाचरी नकोत, ढकलणारा नको. एकटा मुलगा कॅमेरा घेऊन झाडाभोवती सात फेरे मारू लागला. काकांनी ते एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले की याला उसंत नाय. त्यांना बोलावणी कमी होत गेली. त्यांनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण डहाणू रोडला भेटले की आधी विचारायचे, कुठं काय चालू हाय काय.

तोवर मी स्वतः छोट्या फिल्म करू लागलो होतो. कोसबाडच्या बाजूला शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या काही लोकांनी मला जुन्या भाताच्या बियाण्यावर फिल्म करायला सांगितली. मोठी म्हणावी अशी माझी ती पहिलीच. काकांना विचारलं तर त्यांच्याच पाड्यावर एक म्हातारी निघाली, नात्याने त्यांची काकी, माझ्या तोंडी आजी. तिच्या घरी एक जुनं भात अजून राखलेलं होतं. त्या घरची रीत अशी की धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरायच्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने बियाण्याची टोपली डोक्यावर घेऊन राबापर्यंत जायचं. राब म्हणजे पालापाचोळा भाजून रोपांसाठी तयार केलेला तुकडा. वाटेत टोपली खाली ठेवायची नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. बी घरातून वर्षातून एकदाच निघतं. म्हणजे शॉटही एकच, रीटेक नाही.

मी तो शॉट महिनाभर डोक्यात घोळवत होतो. आजी दारातून निघेल, ट्रॉली तिच्या बाजूने जाईल, मग हळूहळू तिच्या पुढे निघेल, आणि टोकाला पोचेल तेव्हा समोर राब, घरची माणसं आणि मागे डोंगरावर नुकतं आलेलं ऊन. नकाशाच काढला होता मी. काकांना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, पुढं कशाला निघायचं? मी म्हटलं, काका, ते माझ्यावर सोडा.

त्या सकाळी सगळं जमून आलं होतं. मी ट्रॉलीवर कॅमेऱ्याला डोळा लावून बसलो, काका मागे. आजी निघाली. काय चालली हो ती! डोक्यावर चुंबळ, तिच्यावर टोपली, एक हात कमरेवर. ट्रॉली तिच्याबरोबर कधी निघाली ते मला बसल्या जागी कळलं नाही.

अर्ध्या वाटेवर एक मोहाचं झाड आहे. तिथे आजीला दम लागला. टोपली खाली ठेवता येईना, बोलता येईना. तिने एक हात झाडाला टेकला आणि उभी राहिली. ट्रॉलीही उभी राहिली.

माझा डोळा कॅमेऱ्यात होता, पण लक्ष डोंगरावरच्या उन्हाकडे. डाव्या हाताने मी मागे खूण केली, चला, चला, पुढे. आजी मागे राहिली तर राहू दे, राब तरी मिळेल, ऊन तरी मिळेल. ट्रॉली हलेना. मी पुन्हा हात केला. काही नाही. एक कोंबडी मधून गेली. आजीने चुंबळ जरा सारखी केली, डोळे मिटले, उघडले. माझ्या मनात तेव्हा काय काय शिव्या येत होत्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. किती वेळ गेला देव जाणे. मग आजीने पाऊल उचललं आणि त्याच पावलाला ट्रॉली निघाली. आम्ही राबाशी पोचलो तेव्हा ढग आले होते आणि डोंगर राखाडी दिसत होता.

बी मातीत पडलं आणि माझा ताबा सुटला. सगळ्या पाड्यासमोर, त्यांच्या सुना-नातवंडांसमोर, मी त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बोललो. एकच शॉट होता आणि तुम्ही त्याची वाट लावलीत, म्हणालो. कुणी सांगितलं होतं थांबायला, म्हणालो. आजीच्या मुलाला मी रिकामी टोपली देऊन तिला पुन्हा चालवता येईल का असंही विचारलं. तो म्हणाला, बी टाकलेली टोपली घेऊन परत कोण चालतं? त्यावर मी काकांवर आणखी चढलो.

काका पाचरी गोळा करत होते. म्हणाले, “काकी थांबली ना.” बस, एवढंच. आणि मग, “तुम्ही बसा साहेब, मी रूळ उचलतो.” पंधरा वर्षं मी त्यांच्या तोंडी ‘तू’ होतो. त्या दिवशी ‘तुम्ही’ झालो आणि ‘साहेब’ झालो, ते कायमचा.

तो शॉट मी संकलनाला बसलो तेव्हा, चारेक दिवसांनी पाहिला. आजी थांबते, आपण थांबतो. तिचा श्वास वर-खाली होतो, टोपली मात्र हलत नाही. मानेची शीर दिसते, झाडावरचा हात दिसतो, आणि आपण तिथे उभे आहोत, कारण तिला सोडून पुढे जायचं आपल्या मनात येत नाही. माझं ऊन आणि माझा डोंगर मिळाला असता तर ते एक कॅलेंडर झालं असतं. फिल्म होती ती त्या थांबण्यात. मी तसाच उठून उधव्याला जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं. मग म्हटलं, फिल्म पूर्ण होऊ दे, दाखवूनच सांगू.

कोसबाडला एका हॉलमध्ये ती दाखवली. आजीला आणलं होतं, तिच्या शेजारी मागच्या रांगेत काका. स्वतःचं काम पडद्यावर ते पहिल्यांदाच बघत होते. फिल्म संपल्यावर एक मोठे पाहुणे उठले आणि म्हणाले, आजी थांबते तसा कॅमेराही थांबतो, हे तुम्हाला सुचलं कसं?

माझ्या हातात माइक होता. सरळ उत्तर द्यायला चार शब्द पुरेसे होते. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, “कॅमेरा जायला नसतो, बघायला असतो. माणसाबरोबर चालायचं, त्याला मागे टाकून नाही.” टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेकडे पाहिलं तर काकाही वाजवत होते. टोमणा म्हणून नाही हो, मनापासून. तेच मला जास्त लागलं.

बाहेर ते खुर्च्या उचलू लागत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “शॉट बरा आला, साहेब.” मला म्हणायचं होतं, शॉट तुमचा आहे. तेवढ्यात ते पाहुणे माझा हात धरून चहाला घेऊन गेले, आणि मी गेलो. नेणाऱ्याला काय दोष द्यायचा, मला जायचंच होतं.

त्यानंतर मी गिंबल विकत घेतला. लोकांना सांगायचो की काळाबरोबर चालायला हवं. खरं कारण हे की काका मागे उभे राहून ढकलतायत आणि मी पुढे बसलोय, हे मला सोसलं नसतं. दोन वर्षं मी त्यांना एकाही कामाला बोलावलं नाही. डहाणू रोडला एकदा समोरून येताना दिसले, तर मी फोन कानाला लावला. कुणाचाही फोन आलेला नव्हता. ती फिल्म अजून कुठे ना कुठे दाखवतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्या शॉटबद्दल मलाच विचारतात.

काका गेले ते मला महिन्याने कळलं. साधा ताप आला आणि आठ दिवसांत गेले, असं कुणीतरी बाजारात सांगितलं. त्या रात्री मी जेवलो नाही हे सांगण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली आणि तलासरीवरून उधव्याला गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. निदान त्यांच्या बायकोला, मुलाला, पाड्याला खरं कळू दे, एवढंच आता हातात होतं.

काकांची बायको, म्हणजे आमच्या काकी, ओट्यावर सुपात नाचणी पाखडत होत्या. मला ओळखलं, सुनेला खाट टाकायला सांगितली. मी खाटेवर बसलो नाही, त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. तो थांबलेला शॉट माझा नव्हता. मी थांबायला सांगितलं नव्हतं, मी तर पुढे चला म्हणून हात करत होतो. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो आणि नंतर त्यांचंच श्रेय घेतलं, त्यांच्या देखत. एकदाही त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “पण ते तर बोलले, साहेबांनी हात केला म्हणून मी थांबलो.”

मी म्हटलं, असं ते कधी बोलले?

“त्याच दिवशी. म्हातारी रडत व्हती ना घरात, माझ्या दमापायी यांचं काम बिघडलं म्हणून. तिला जाऊन सांगितलं त्यांनी, काकी, साहेबांनीच थांबायचा हात केला, त्यांना तसंच पायजे व्हतं. मग घरी येऊन मला पण तेच. ती शिणिमा बघून आले तेव्हा पण तेच. साहेबांची नजर लय बारीक, बोलले.”

मी सांगितलं, नाही काकी, ते खोटं बोलले. आजीला वाईट वाटू नये म्हणून बोलले. खरं मी सांगतोय ते आहे. माझा आवाज चढला होता, त्यामुळे सून दारात येऊन उभी राहिली. काकींचे डोळे भरले. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “बघ, गेलेल्या माणसाला किती मान देतात. एवढ्या लांबून आले ते सांगायला.” आणि मला म्हणाल्या, “तुमचं मन मोठं हाय, साहेब.”

तिसऱ्यांदा सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी पदराने डोळे पुसले होते आणि चेहऱ्यावर असा काही आनंद होता की पुढे बोलवेना. सुनेने चहा आणला. काकींनी तिला परत आत पाठवलं, साहेबांच्या चहात साखर जास्त टाक म्हणून. मी तो चहा प्यालो.